डाऊन्टनची इस्टेट मुलींना का मिळत नाही?

'डाऊन्टन अ‍ॅबी' ही ब्रिटिश मालिका सुरू होते ती एका वाईट बातमीने. एप्रिल १९१२. टायटॅनिक बुडालं आणि त्यात लॉर्ड ग्रँथमचा चुलतभाऊ जेम्स आणि जेम्सचा मुलगा पॅट्रिक असे दोघंही गेले. यॉर्कशरमधल्या त्या प्रचंड वाड्यात शोक आहे, पण शोकापेक्षा घबराट जास्त आहे. गेलेले दोघं म्हणजे घराण्याचे पुढचे दोन वारसदार. लॉर्ड ग्रँथमला, म्हणजे रॉबर्ट क्रॉलीला, तीन मुली आहेत: मेरी, ईडिथ आणि सिबिल. तिघी सज्ञान होत आलेल्या, हुशार, डोळ्यांसमोर वावरणाऱ्या. तरीही घराला वारस उरलेला नाही असंच सगळे धरून चालतात. मग शोध लागतो मँचेस्टरमध्ये वकिली करणाऱ्या मॅथ्यू क्रॉलीचा. त्याची शाखा मूळ घराण्यापासून चार-पाच पिढ्यांपूर्वी फुटलेली. या घरात त्याने कधी पाऊलही टाकलेलं नाही. पण उद्याचा मालक तोच.

ही मालिका आवडीने पाहणारे पुष्कळ जण इथेच अडकतात. 'एन्टेल' हा शब्द पात्रांच्या तोंडी सारखा येतो, वकील येऊन गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगून जातो, आणि आपण 'तेव्हा तसा कायदा होता' असं म्हणून पुढे जातो. मला वाटतं, इथे थांबून नीट पाहायला हवं. कारण कायदा नेमका तसा नव्हता. जे होतं ते जास्त गुंतागुंतीचं होतं, आणि एकदा ते उलगडलं की त्या जेवणाच्या टेबलावरचे तिरकस शेरे, नोकरांचे रुसवे, मेरीचा कडवटपणा, सगळं एकाच मुळातून आलेलं दिसतं.

तीन गोष्टी, एक वारसदार

रॉबर्टकडून पुढे जाण्यासारख्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटेने जातात. पहिली पदवी. तो 'अर्ल' आहे. अर्ल म्हणजे ब्रिटिश उमरावांच्या उतरंडीत ड्यूक आणि मार्क्विस यांच्या खालची पायरी. दुसरी गोष्ट इस्टेट: वाडा, शेती, गावं, कुळांकडून येणारा खंड. तिसरी म्हणजे पैसा, आणि तो आलाय रॉबर्टची अमेरिकन बायको कोरा हिच्या माहेरून.

पदवीचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. उमरावपद राजाच्या सनदेने मिळतं आणि ते पुढे कुणाकडे जाणार हे त्या सनदेतच लिहिलेलं असतं. बहुतेक सनदांमध्ये मूळ पुरुषाच्या औरस पुरुष वंशजांकडे, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. त्यामुळे रॉबर्टच्या मनात असो वा नसो, अर्लपद मॅथ्यूकडेच जाणार. त्यात रॉबर्टच्या सहीला काही किंमत नाही.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न हटकून येतो: मग दत्तक का नाही घेतला? आपल्याकडे निपुत्रिक घराण्यांनी शतकानुशतकं तेच केलं. पण इंग्लंडमध्ये दत्तक घेण्याची कायदेशीर सोयच नव्हती. तसा कायदा झाला तो थेट १९२६ मध्ये, आणि उमरावपद तर आजही दत्तक मुलाकडे जात नाही. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याच्या गादीचा दत्तक वारस नाकारला, पुढे झाशीचाही नाकारला, ते राज्य गिळण्यासाठी. त्याबद्दल शंका नको. पण ज्या समाजातून तो आला होता त्या समाजाला दत्तक वारस ही कल्पना आपल्या घरातही ओळखीची नव्हती, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्यांच्या लेखी वारस म्हणजे रक्ताचा, आणि तोही विवाहातून जन्मलेला.

गाठ कोणी मारली?

आता इस्टेट. खरी कहाणी इथे आहे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे जमीनदार मृत्युपत्र न करता मेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाला मिळे. धाकट्यांना वाटणी नाही. आपल्या मिताक्षरा पद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार होतो आणि सगळे भाऊ समान. तिथे भाऊ समान ही कल्पनाच नाही. पण मुलगा नसेल तर? तर त्याच जुन्या कायद्याप्रमाणे जमीन मुलींना मिळे, आणि सगळ्या मुलींना सारखी. दूरच्या पुतण्याचा किंवा चुलतभावाचा नंबर मुलींच्या नंतर. म्हणजे कुणी काहीच केलं नसतं, कागदावर एक ओळही लिहिली नसती, तर डाऊन्टनची जमीन मेरी, ईडिथ आणि सिबिल यांच्यात वाटली गेली असती.

मुलींना बाजूला सारलं ते घराण्याने स्वतः केलेल्या दस्ताने. हा मुद्दा मला या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. जुनी मोठी घराणी सरकारने लादलेली बंधनं सोसत नव्हती. ती स्वतः वकील बसवून, पैसे मोजून, पिढ्यान् पिढ्या ती बंधनं नव्याने तयार करत होती.

एन्टेल म्हणजे जमीन एका ठरलेल्या वंशरेषेलाच मिळेल असं बांधून टाकणं. याचं मूळ १२८५ च्या एका कायद्यात आहे. बहुतेक घराण्यांनी ही रेषा फक्त पुरुषांची ठेवली. मधल्या काळात वकिलांनी ही गाठ सोडवायच्या युक्त्या काढल्या, आणि १८३३ च्या कायद्याने तर ते फारच सोपं केलं: ज्याच्या ताब्यात एन्टेल केलेली जमीन आहे त्याने एक दस्त करून नोंदवला की एन्टेल संपलं. मालिका घडते १९१२ मध्ये. मग रॉबर्टने सकाळी वकिलाला बोलावून संध्याकाळपर्यंत प्रश्न का मिटवला नाही?

याचं उत्तर मालिका पुरतं देत नाही, पण इतिहास देतो. सतराव्या शतकापासून या घराण्यांनी एन्टेलच्या जोडीला आणखी एक व्यवस्था उभी केली होती, तिला 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' म्हणत. तिची चाल अशी. बाप इस्टेटीचा पूर्ण मालक नसतो. त्याला फक्त हयातीपुरता उपभोग असतो. खंड घ्यायचा, वाड्यात राहायचं, पण मूळ मिळकतीवर त्याचा संपूर्ण हक्क नाही. खरा एन्टेलचा हक्क मुलाचा, आणि तो मुलगा एकवीस वर्षांचा झाला की आपल्या हक्काची गाठ बापाच्या संमतीने सोडवू शकतो. धोक्याचा क्षण तोच. म्हणून नेमका तो क्षण साधून बाप मुलाला बोलावून घेई. मुलगा तरुण, हातात पैसा नाही, लंडनमध्ये राहायचं आहे, शिकार-घोडे-कपडे यांचा खर्च आहे. बाप म्हणे, मी तुला दरवर्षी इतकी रक्कम देतो, तू इथे सही कर. त्या सहीने जुनं एन्टेल मोडलं जाई आणि लगेच नवं केलं जाई: आता मुलगाही फक्त हयातीपुरता धनी, आणि खरा हक्क त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलाचा. तो मुलगा एकवीस वर्षांचा झाला की पुन्हा तोच प्रसंग, तेच टेबल, तीच सही.

कायद्याने मेलेल्या माणसांना मिळकत कायमची बांधून ठेवू देण्यास नकार दिला होता. न्यायालयांनी त्याला मर्यादा घातली होती: हयात असलेल्या व्यक्तीचं आयुष्य आणि वर एकवीस वर्षं. घराण्यांनी यावर तोड काढली ती अशी की दर पिढीत जिवंत माणसाकडूनच गाठ नव्याने बांधून घ्यायची. रॉबर्टसारखा अर्ल अशा व्यवस्थेतला हयातीपुरता धनी असेल तरच त्याची अगतिकता खरी ठरते. त्याच्या सहीने काहीच सुटणार नाही. मॅथ्यू तयार झाला तरी अडचण राहतेच, कारण रॉबर्टला उद्या मुलगा झाला तर त्या मुलाचा हक्क मॅथ्यूच्या आधीचा, आणि जन्माला न आलेल्या मुलाची सही कुणी घ्यायची?

१८८२ च्या कायद्याने हयातीपुरत्या धन्याला जमीन विकायची मुभा दिली होती, हे खरं. पण विक्रीचा पैसा त्याच्या खिशात जात नसे. तो विश्वस्तांकडे जाई आणि जमिनीच्या जागी तोच पैसा त्याच बंधनात अडके. शिवाय मुख्य वाडा विकायचा तर विश्वस्तांची किंवा न्यायालयाची परवानगी लागे.

म्हणूनच रॉबर्ट स्वतःला मालक समजत नाही, रखवालदार समजतो. मेरी त्याला विचारते की माझ्यासाठी तुम्ही लढणार नाही का, तेव्हा त्याच्या उत्तराचा आशय असा: मी स्वतः कमावून हे घेतलं असतं तर तुला निःशंक दिलं असतं, पण हे दुसऱ्यांनी कष्टाने उभं केलेलं आहे, ते मोडायचा अधिकार मला नाही. हा माणूस मुलीवर प्रेम करतो आणि तरीही तिला बाजूला ठेवतो, आणि दोन्ही गोष्टी तो कर्तव्य म्हणून करतो. या प्रसंगात कुणीही खलनायक नाही, आणि म्हणून तो जास्त लागतो.

कोराचा पैसा

तिसरी गोष्ट सर्वात अन्यायाची. कोरा सिनसिनाटीची, श्रीमंत व्यापारी बापाची मुलगी. तिच्या माहेरचा पैसा आला म्हणून डाऊन्टन तगलं. पण लग्नाच्या वेळी रॉबर्टच्या वडिलांनी असा करार करून घेतला की तो सगळा पैसा इस्टेटीत मिसळला गेला आणि एन्टेलला बांधला गेला. म्हणजे आईने माहेराहून आणलेलं धन पोटच्या मुलींना मिळणार नाही. ते जाणार मँचेस्टरच्या त्या अनोळखी वकिलाला. स्त्रीधन म्हणजे काय हे ज्या वाचकाला ठाऊक आहे, त्याला हा करार ऐकून धक्का बसल्याशिवाय राहणार नाही.

अशी लग्नं तेव्हा खरोखरच होत होती. १८७० च्या दशकापासून अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं, पुढे शीतगृहं असलेल्या जहाजांतून मांसही येऊ लागलं, आणि इंग्लंडमधल्या शेतमालाचे भाव कोसळले. भाव पडले तसा कुळांना खंड देणं जड जाऊ लागलं. वाड्यांचे खर्च मात्र तेवढेच राहिले. उमरावांकडे पदव्या होत्या, पैसा नव्हता. अमेरिकन कारखानदारांकडे पैसा होता, पण न्यूयॉर्कच्या जुन्या घरांत त्यांना मान नव्हता. १८७४ मध्ये जेनी जेरोमने लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलशी लग्न केलं. विन्स्टन चर्चिल हा त्यांचा मुलगा. १८९५ मध्ये रेल्वेसम्राटांच्या घरातली कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट मार्लबरोच्या ड्यूकला दिली गेली, तीही मनाविरुद्ध. ज्या हायक्लिअर किल्ल्यात या मालिकेचं चित्रीकरण झालं, तिथेही त्याच वर्षी असंच घडलं: पाचव्या अर्ल ऑफ कार्नार्व्हनने अल्मिना वूम्बवेलशी लग्न केलं. बँकर आल्फ्रेड द रॉथशिल्ड हे तिचे जन्मदाते मानले जात. त्यांनी दिलेल्या पैशातून अर्लची कर्जं फिटली, वाडा सावरला. हेच अर्ल पुढे तुतानखामेनच्या थडग्याच्या शोधाचे आश्रयदाते म्हणून जगप्रसिद्ध झाले.

म्हणजे व्यापारातून आलेला पैसा या घरांना चालत होता. फक्त तो बाईच्या रूपाने यावा लागे, कारण बाई लग्नानंतर घराण्याचं नाव घेते आणि तिचा पैसा इस्टेटीत विरघळतो. तोच पैसा किंवा तोच कमावण्याचा संस्कार पुरुष वारसदाराच्या रूपाने दारात उभा राहिला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

नोकरी करणारा वारसदार

मॅथ्यू गरीब नाही. वडील डॉक्टर होते, आई इझोबेल परिचारिकेचं शिक्षण घेतलेली. तो सॉलिसिटर आहे. आपल्याकडे असा जावई मिळाला तर लोक पेढे वाटतील. मग त्याच्यात खोट काय? तो पोटासाठी काम करतो, ही. जुन्या जमीनदार वर्गात सभ्य गृहस्थाची व्याख्या अशी होती की ज्याला कमवावं लागत नाही. सैन्य, चर्च, संसद, इस्टेटीची देखरेख एवढं ठीक. फी घेऊन दुसऱ्याचे दस्त लिहून देणं त्यात बसत नव्हतं.

पहिल्याच भेटीगाठींमध्ये जेवणाच्या टेबलावर मॅथ्यू सहज सांगतो की मी रिपनमध्ये नोकरी धरली आहे. टेबलावर शांतता पसरते. रॉबर्टला वाटलेलं की हा आता इस्टेटीचा कारभार शिकेल. मॅथ्यू म्हणतो, त्यालाही वेळ आहेच, शनिवार-रविवार मोकळेच असतात. त्यावर रॉबर्टची आई, म्हणजे मॅगी स्मिथने अजरामर केलेली म्हातारी काउंटेस व्हायोलेट, शनिवार-रविवार हा काय प्रकार असतो असं विचारते. मालिकेतला हा सर्वात गाजलेला प्रसंग, आणि लोक त्यावर हसतात. मला त्यात एका वर्गाचं सगळं जगणं दिसतं. जिने आयुष्यात कामाचा दिवस पाहिला नाही तिला सुट्टीचा दिवस वेगळा कळणार कसा?

पण हा दुराग्रह एकाच बाजूचा नाही आणि लेखक ज्युलियन फेलोज यांनी ते छान दाखवलं आहे. मॅथ्यूला सेवेसाठी मोझली नावाचा नोकर दिला जातो. मॅथ्यूला हे सगळं थिल्लर वाटतं. मी माझा कोट माझा घालू शकतो, माझा चहा माझा ओतून घेऊ शकतो. धडधाकट माणसाला दुसऱ्याने कपडे चढवणं हे काय काम झालं? तो हे मोझलीच्या तोंडावर बोलून दाखवतो. मोझली तिथे उभा असतो, हात रिकामे. ज्या कामात त्याने उमेदीची वर्षं घालवली ते काम नव्हेच असं त्याला सांगितलं गेलेलं असतं. रॉबर्टच्या कानावर हे जातं तेव्हा तो मॅथ्यूला विचारतो की त्या माणसाची रोजीरोटी काढून घेण्यात काय न्याय आहे. पुढे एक छोटासा प्रसंग आहे. मॅथ्यू आरशासमोर उभा आहे आणि मोझलीलाच विचारतो की कफलिंक्स कोणती घालू. मग त्याच्या ध्यानात येतं की बाहीवरचा डाग गेलाय, तो कसा काढलास असं मनापासून विचारतो. मोझलीचा चेहरा खुलतो.

हा प्रसंग मला आवडतो, आणि त्याच वेळी तो मला खटकतोही. माणसाला त्याच्या कामाचा मान द्यावा हे अगदी खरं. पण इथे मालिका हळूच असं सुचवते की नोकराला मान द्यायचा म्हणजे नोकर ठेवण्याची पद्धत स्वीकारायची. त्या काळात इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रिया घरकामाला होत्या. बाईमाणसाला तेवढाच सर्वात मोठा रोजगार. पहाटे उठून शेगड्यांची राख काढणाऱ्या पोरीला आपल्या कामाबद्दल काय वाटत होतं, हे कफलिंक्सच्या प्रसंगातून कळत नाही. त्यासाठी पहिल्याच पर्वातली ग्वेन पाहावी. ही घरकाम करणारी मुलगी पगारातून पैसे साठवून टंकलेखन यंत्र घेते, लपवून शिकते, कारण तिला सेक्रेटरी व्हायचं आहे. ते यंत्र सापडतं तेव्हा मालकांइतकेच तळघरातले तिचे सोबतीही तिच्याकडे संशयाने पाहतात. इथल्यापेक्षा बरं काही तुला हवंय म्हणजे आम्ही कमी का, असा त्यांचा सूर.

तळघरातली उतरंड वरच्यापेक्षा कडक आहे. बटलर कार्सन आत आला की सगळ्यांनी उभं राहायचं. जेवायला बसायची जागा हुद्द्याप्रमाणे. मॅथ्यूसारखा वकील या घराचा धनी होणार हे कार्सनला रॉबर्टपेक्षा जास्त झोंबतं. हे पाहून कुणी म्हणेल की नोकरांना काय पडलंय? पण त्यांचा मान त्या घराच्या मानावर उभा आहे. अर्लच्या घरचा बटलर आणि वकिलाच्या घरचा बटलर यांत फार अंतर होतं: पगारात, गावातल्या वागणुकीत, पुढची नोकरी मिळण्यात. घराण्याची प्रतिष्ठा कमी झाली तर त्यांची आयुष्यभराची कमाई कमी होणार. इस्टेट दुभंगली तर सर्वात आधी नोकर कमी केले जाणार. वारसाहक्काची जी रचना मेरीला डावलते तिच्यावरच कार्सनची भाकरी आहे, म्हणून मेरीवर लेकीसारखं प्रेम करणारा कार्सन त्या रचनेला मनातही बोल लावू शकत नाही.

पोटातल्या बाळाने बदललेली किंमत

वारसा आणि वर्ग हे दोन धागे सगळ्यात घट्ट वळले जातात ते मेरीच्या लग्नात. आधी ठरलेलं असं की ती पॅट्रिकशी लग्न करील, म्हणजे पदवी, जमीन आणि आईचा पैसा पुन्हा एका घरात राहील. पॅट्रिक गेला, आता मॅथ्यू आला. मेरीला तो आधी आवडत नाही, मग हळूहळू आवडू लागतो. मॅथ्यू मागणी घालतो. आणि नेमकं तेव्हाच कळतं की कोराला पुन्हा दिवस गेले आहेत.

एका क्षणात सगळं पालटतं. मुलगा झाला तर तो वारसदार. मॅथ्यू पुन्हा नुसता वकील. मेरीची आत्या रोझामंड सल्ला देते की उत्तर द्यायची घाई करू नकोस, आधी बाळ मुलगा की मुलगी ते कळू दे. मेरी रेंगाळते. मग अपघात होतो: कोराची दासी ओब्रायन रागाच्या भरात न्हाणीघरात साबणाचा तुकडा वाटेत सरकवते, कोरा घसरते, गर्भ जातो. तो मुलगा होता. मॅथ्यू पुन्हा वारसदार ठरतो आणि मेरी होकार द्यायला तयार होते, पण मॅथ्यूच्या मनात शंका घर करून बसते: हिने मला निवडलं की इस्टेटीला? तो मागणी मागे घेतो. पर्व संपतं तेव्हा ऑगस्ट १९१४ आहे आणि युद्ध जाहीर झालेलं आहे.

मेरीला स्वार्थी म्हणणारे प्रेक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत. मला ते पटत नाही. तिला ना मतदानाचा हक्क, ना व्यवसाय, ना स्वतःची जमीन, ना आईच्या पैशातला वाटा. ज्या घरात ती वाढली त्या घरात राहण्याचा एकच दरवाजा तिला उघडा आहे, तो म्हणजे जो कुणी वारसदार असेल त्याची बायको होणं. तिने जर बाळाच्या जन्मापर्यंत थांबावं असा विचार केला, तर तिने तोच हिशेब केला जो तिच्या आजोबांनी कोराच्या पैशाबाबत केला होता. त्यांना कुणी स्वार्थी म्हटलं नाही. त्यांनी घराणं राखलं असं म्हटलं गेलं.

धाकटी सिबिल मात्र आयरिश ड्रायव्हर टॉम ब्रॅन्सनशी लग्न करते. घरात वादळ होतं, तिच्या वडिलांचा तोल सुटतो. पण पुढे याच ब्रॅन्सनवर इस्टेटीचा कारभारी होण्याची वेळ येते, कारण शेतीतलं त्याला थोडंफार कळतं आणि घराला तेव्हा कळणाऱ्या माणसाची गरज असते. वर्गाचा दुराग्रह किती लवचीक असतो हे इथे दिसतं. इस्टेट वाचवायला जो उपयोगी पडेल त्याला टेबलावर खुर्ची मिळते: कोराला पैशासाठी, मॅथ्यूला रक्तासाठी, ब्रॅन्सनला कामासाठी. मेरीशी लग्न ठरलेला वृत्तपत्राचा मालक सर रिचर्ड कार्लाइल या तिघांपेक्षा चलाख, पण तो येतो फर्निचर विकत घेण्याच्या भाषेत, आणि मेरी त्याला सुनावते की तुमच्यासारखे लोक फर्निचर विकत घेतात, आमच्याकडे ते वारशाने येतं.

खऱ्या घरांतल्या मुली

हे सगळं नाटकापुरतं नव्हतं. केंटमधला नोल हा सॅकव्हिल घराण्याचा वाडा. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट तिथे १८९२ मध्ये जन्मली, एकुलती एक. १९२८ मध्ये वडील वारले तेव्हा पदवी आणि वाडा दोन्ही काकांकडे गेले. ती दुःखाने आयुष्यभर ते बोलत राहिली.

दुसरं उदाहरण आपल्या शाळेच्या पुस्तकातलं आहे: बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन. त्याची बायको मेरी लायटर, शिकागोच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. तिला तीन मुली झाल्या, मुलगा नाही. म्हणजे डाऊन्टनचाच घाट. १९११ मध्ये कर्झनला अर्लपद मिळालं तेव्हा त्याने सोबतच्या एका कनिष्ठ पदवीच्या सनदेत, बॅरन रेव्हन्सडेलच्या, मुलींकडे वारसा जाण्याची सोय करून घेतली. १९२५ मध्ये तो वारल्यावर त्याचं मार्क्विसपद संपलं, दुसरी एक पदवी पुतण्याकडे गेली, आणि थोरली मुलगी आयरीन बॅरोनेस रेव्हन्सडेल झाली. पण पदवी मिळूनही तिला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता येईना, कारण वंशपरंपरागत पदवी असलेल्या स्त्रियांना तिथे प्रवेश नव्हता. १९५८ मध्ये तिला आजीव सभासदत्वाची वेगळी पदवी द्यावी लागली, तेव्हा ती सभागृहात बसली. वंशपरंपरागत पदवीवाल्या स्त्रियांसाठी दार उघडलं ते १९६३ मध्ये. माउंटबॅटनलाही मुलगा नव्हता, दोन मुलीच; त्याच्याही सनदेत सोय होती, म्हणून १९७९ मध्ये थोरली पॅट्रिशिया काउंटेस झाली. राजदरबारी वजन असेल तर सनदेचे शब्द बदलून घेता येत होते, हे या दोघांवरून स्पष्ट दिसतं.

जमिनीची गाठ मात्र करांनी आणि कायद्याने सैल केली. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या मिळकतीवर नवा कर आला, तेव्हा त्याचा सर्वात वरचा दर ८ टक्के होता. १९१९ मध्ये सर्वात मोठ्या इस्टेटींसाठी तो ४० टक्क्यांवर गेला. युद्धात बाप आणि मुलगा पाठोपाठ गेलेल्या कित्येक घरांना जमिनी विकाव्या लागल्या. मालिकेतही मेरी आणि मॅथ्यू यांचं पुढे लग्न होतं, आणि मॅथ्यूच्या मृत्यूनंतर हाच प्रश्न रॉबर्ट आणि मेरीसमोर उभा राहतो. १९२५ च्या कायद्यांनी थोरल्या मुलाचा आपोआप हक्क संपवला आणि एन्टेलचं जुनं रूप मोडीत काढलं. १९९७ पासून इंग्लंडमध्ये नवं एन्टेल करताच येत नाही. तुलनेसाठी, महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा देणारी दुरुस्ती १९९४ मध्ये केली आणि देशभर ती २००५ मध्ये झाली.

पदव्यांचं तसं झालेलं नाही. भारतात सरसेनापती राहिलेल्या लॉर्ड किचनरचं अर्लपद त्याच्या भावाच्या वंशात चालत आलं. २०११ मध्ये तिसरे अर्ल किचनर निपुत्रिक वारले. त्यांची पुतणी एमा होती, पण सनदेत तिला जागा नव्हती आणि ती पदवी तिथेच संपली. एमाचे पती म्हणजे डाऊन्टनचे लेखक ज्युलियन फेलोज. हा अन्याय आहे असं ते जाहीरपणे बोलले आहेत. २०१३ च्या कायद्याने ब्रिटिश राजगादीवर थोरल्या मुलीचा हक्क धाकट्या भावाच्या आधी आणला. उमरावपदांना तो कायदा लागू केलेला नाही, आणि त्यातल्या बहुतेक आजही फक्त मुलग्यांकडेच जातात.